बिनअंड्याचा केक आणि महायुद्ध

गाजराविषयीं आपल्या भाषेनें फारसा आदर दाखविलेला नाहीं. ज्याला पारख नाहीं तो गाजरपारखी. आणि जें काम साधलें तर साधलें, न साधलें तर ज्याचें दुःख करावयाचें नाहीं, तें गाजराच्या पुंगीसारखें. वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली! ह्या म्हणीच्या उत्तरार्धाकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं. पुंगी वाजली नाहीं तरी ती खातां येते, हा गाजराचा केवढा मोठा गुण आहे! श्रोतेहो, आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहें ती ह्या गुणाचीच आहे.

हकीकतीला निमित्त घरगुती आहे. आमच्या घरीं आज चार पिढ्या एकत्र नांदत आहेत. माझ्या मातोश्री नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि माझी नात गेल्या मार्गशीर्षांत सात वर्षांची झाली. वाढदिवसाला केक हवा हा तिचा हट्ट. आणि त्या केकाचा पहिला तुकडा पणजीनें खाल्ला पाहिजे हा त्याहून मोठा हट्ट. मातोश्रींच्या स्वयंपाकघरांत अंडें आजवर कधीं आलें नाहीं. बाजारचा केक त्यांच्या पानांत वाढणें म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या नेमाचा अपमान. न वाढावा तर पोरीचे डोळे भरणार. शेवटीं सूनबाईंनीं तोड काढली. त्या म्हणाल्या, "आजी, आपण घरींच करूं या. गाजराचा, अंड्यावांचून."

ह्यावर मातोश्रींनीं मला जो प्रश्न केला त्यानें मी निरुत्तर झालों. त्या म्हणाल्या, "अरे, केक म्हणजे साहेबाचें पक्वान्न. त्यांत अंडें असतें म्हणून तर आम्हीं तो जन्मभर खाल्ला नाहीं. तें काढून टाकल्यावर जें उरतें त्याला केक म्हणावयाचें, कीं पोरीची समजूत घालण्यासाठीं केलेली ती एक फसवणूक?"

सारी नोकरी मुलांस इतिहास शिकविण्यांत गेली. लढायांच्या सनावळ्या अजून तोंडपाठ आहेत. परंतु केक म्हणजे काय, हें आपणांस सांगतां येऊं नये ह्याचें मला थोडें वैषम्य वाटलें. म्हणून मी शोधावयास बसलों. त्या शोधाचा बराच मोठा भाग मला पाकशास्त्राच्या पुस्तकांत न सांपडतां दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासांत सांपडला, आणि त्यांत आपल्या ह्या रेडिओयंत्राचाही मोठा वांटा निघाला.

प्रथम गाजर. त्याचें माहेर मध्य आशियांत, आजच्या अफगाणिस्तानाच्या आसपास, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथील गाजरें जांभळीं व पिंवळीं होतीं. दहाव्या शतकाच्या सुमारास तीं इराणांत होतीं. तेथून अरबांबरोबर तीं पश्चिमेकडे गेलीं. बाराव्या शतकांत सेव्हिल येथील इब्न अल्-अव्वाम ह्या लेखकानें शेतकीवरील आपल्या ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें आहे. आज युरोपांत सर्वत्र दिसतें तें नारिंगी गाजर नेदर्लंडमधील माळ्यांच्या हातून सोळाव्या-सतराव्या शतकांत स्थिरावलें. तेथील ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ तो रंग मुद्दाम उत्पन्न करण्यांत आला, ही कथा ऐकावयास गोड आहे; पण तिला पुरावा नाहीं.

साखर युरोपांत दीर्घकाळ श्रीमंतांच्याच कपाटांत असे, आणि गाजर तर मुळांतच गोड. तेव्हां गाजराचें गोड पक्वान्न करण्याची बुद्धि तेथील गृहिणींस होणें स्वाभाविकच होतें. इंग्लंडांतील जॉन एव्हलिन ह्या विद्वान गृहस्थानें १६९९ सालीं कोशिंबिरींवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत गाजराच्या पुडिंगाची कृति आहे. पावाचा चुरा, किसलेलें गाजर, साय, अर्धा पौंड लोणी आणि सहा अंडीं, त्यांतील तिहींचा पांढरा भाग वगळून! १८१४ सालीं पॅरिसचा नामांकित पाचक आंत्वान बोव्हिलिए ह्यानें आपल्या ग्रंथांत गाजराचा केक दिला, आणि दहा वर्षांनीं तो इंग्रजी भाषांतरांतून इंग्लंडांत पोहोंचला. स्वित्झर्लंडांत आरगाउ नांवाचा एक प्रांत आहे. तेथील गाजराचा व बदामाचा केक आजही वाढदिवसाला हटकून केला जातो, आणि वर साखरेचीं छोटीं गाजरें बसविण्याची चाल आहे. हे सारे केक अंड्यांवर पोसलेले. तेव्हां मातोश्रींची शंका अगदींच निराधार नव्हती.

परंतु आणखी मागें गेलें तर चित्र बदलतें. इंग्रजींतील 'केक' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेंतील 'काका' ह्या शब्दाचा वंशज आहे. (आपल्या काकांशीं त्याचा संबंध नाहीं.) त्याचा मूळ अर्थ गोल, चपटी भाकरी असा होता. मध्ययुगांतील केक म्हणजे दारू गाळणाराकडून आणलेल्या फेसानें आंबविलेला गोडसर पावच असे. अंडीं घोंटघोंटून त्यांत हवा भरावी व त्या हवेवर केक फुगवावा ही विद्या युरोपांत रूढ झाली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत. म्हणजे केक आधीं होता. अंडें त्यांत मागाहून येऊन मालक झालें.

तें मालक कां झालें, हें समजून घेतल्यावांचून पुढची हकीकत कळावयाची नाहीं. अंडें केकांत तीन कामें करतें. घोंटतांना तें हवा कोंडून घेतें, त्यामुळें केक फुगतो. उष्णता लागतांच त्यांतील प्रथिनें घट्ट होतात आणि फुगलेला आकार तसाच धरून ठेवतात. आणि बलकामुळें स्निग्धांश व पाणी एकजीव होतात. ह्यांपैकीं पहिलें काम अंड्याकडून काढून घेतलें तें रसायनशास्त्रानें. लांकडाच्या राखेपासून काढलेला खार पिठांत घालण्याची युक्ति अमेरिकेंतील अमेलिया सिमन्स ह्या बाईंनीं १७९६ सालच्या आपल्या पुस्तकांत दिली आहे. आपल्या पापडखाराचीच ती सावत्र बहीण म्हणावयास हरकत नाहीं. पुढें आला सोडा. सोड्याची आंबट पदार्थाशीं गांठ पडली म्हणजे कर्बाम्ल वायु सुटतो, आणि अंडें जें काम हवेकडून करवितें तें हा वायु करतो.

येथें एका कनवाळू नवऱ्याची आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बर्मिंगहॅम येथें आल्फ्रेड बर्ड नांवाचा एक औषधविक्रेता होता. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला अंडें सोसत नसे आणि पावाचें किण्वही सोसत नसे. तिला कस्टर्ड तर फार आवडे. बर्डनें १८३७ सालीं मक्याच्या सत्वापासून बिनअंड्याचें कस्टर्ड तयार केलें, आणि १८४३ सालीं तिच्यासाठींच बेकिंग पावडर, म्हणजे सोडा व कोरडें आम्ल ह्यांची एकत्र पूड, सिद्ध केली. पुढें क्रायमियाच्या युद्धांत इंग्रज सैन्याच्या पावालाही ती उपयोगीं पडली. परंतु तिचा उगम एका संसारांत आहे. मातोश्रींना मी हें सांगितलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या घरींही असाच पेंच होता म्हण कीं."

तरीही बिनअंड्याचा केक ही शंभर वर्षें आजाऱ्याची किंवा गरिबाची गोष्ट राहिली. तो साऱ्या राष्ट्राच्या टेबलावर आला तो १९४० सालानंतर, आणि राजीखुषीनें नव्हे.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. त्या काळीं ब्रिटन दरसाल सुमारें दोन कोटी टन अन्न परदेशांतून आणीत असे. त्याच्या गरजेचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग जहाजांतून येई. जर्मन पाणबुड्यांनीं नेमकीं तीं जहाजें बुडविण्याचा सपाटा लावला. ८ जानेवारी १९४० पासून रेशनिंग सुरूं झालें. आरंभीं माणशीं आठवड्याला चार औंस बेकन, चार औंस लोणी व बारा औंस साखर मिळे. औंस म्हणजे सुमारें अठ्ठावीस ग्रॅम. पुढें लोणी व साखर ह्यांचें प्रमाण आणखी उतरलें. १९४१ च्या जूनपासून अंड्यांवर नियंत्रण आलें: आठवड्याला माणशीं एक, आणि तेंही दुकानांत आलेलें असल्यास! १९४२ सालीं अमेरिकेहून अंड्यांची वाळविलेली पूड येऊं लागली. बारा अंड्यांच्या बरोबरीचा एक डबा चार आठवड्यांना मिळे. साखरेचा मुलामा चढविलेले केक करण्यास व विकण्यास तर १९४० सालींच बंदी झाली. लग्नाला छोटासा साधा केक करून त्यावर पुठ्ठ्याचा रंगविलेला भव्य केक टोपीसारखा झांकीत, आणि छायाचित्र निघालें कीं टोपी भाड्यानें देणाऱ्या दुकानदाराकडे परत जाई. मातोश्रींच्या 'फसवणूक' ह्या शब्दाला खरें उदाहरण हवें असेल तर तें हें. आणि तरी मला त्या वधूवरांचा राग येत नाहीं.

एप्रिल १९४० मध्यें लॉर्ड वुल्टन हे अन्नखात्याचे मंत्री झाले. हे मूळचे मोठ्या दुकानांच्या कारभारांतले गृहस्थ. गिऱ्हाइकाला काय सांगितलें म्हणजे तें ऐकतें हें त्यांस ठाऊक होतें. त्याच वर्षींच्या जूनपासून बी. बी. सी. वर 'किचन फ्रंट', म्हणजे स्वयंपाकघराची आघाडी, ह्या नांवाचा कार्यक्रम सुरूं झाला. सकाळीं आठच्या बातम्या संपल्या कीं सव्वाआठाला अवघीं पांच मिनिटें. वेळ नीट हेरलेली होती: बायका बाजारांत जाऊन दुकानासमोर रांगेंत उभ्या राहण्यापूर्वींची. ह्या पांच मिनिटांत आज बाजारांत काय विपुल आहे, त्याचें काय करावें, काय टाकूं नये, हें सांगितलें जाई. एल्सी व डोरिस वॉटर्स ह्या दोघी बहिणी गर्ट आणि डेझी अशीं सोंगें घेऊन विनोद करीत. मेबल कॉन्स्टँड्यूरॉस बाई एका म्हाताऱ्या आजीच्या आवाजांत बोलत. डॉक्टर चार्ल्स हिल हे रेडिओ-डॉक्टर म्हणून पोटाविषयीं चार शब्द ऐकवीत. उपदेश कडू असतो हें ओळखून त्यांनीं त्यावर हंसण्याचा मुलामा दिला. साखरेच्या मुलाम्यावर बंदी होती; ह्यावर नव्हती.

आणि बाजारांत विपुल होतें काय? बटाटे आणि गाजरें. ब्रिटनच्या थंड जमिनींत गाजर विनासायास येतें; त्यासाठीं जहाज लागत नाहीं. परसांत, बागांत, आगगाडीच्या रुळांकडेच्या पट्ट्यांतसुद्धां भाजीपाला लावा, असा सरकारचा धोशा चाललेला होता. परिणाम असा झाला कीं १९४२ सालीं सुमारें एक लाख टन गाजरें खाऊन उरण्याच्या बेताला आलीं. मग अन्नखात्यानें गाजराला माणसाळविलें. 'डॉक्टर कॅरट' नांवाचा एक चष्मेवाला गाजर-वैद्य जाहिरातींत फिरूं लागला. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने ह्यांच्या संस्थेंतील चित्रकारानें एक सबंध गाजर-कुटुंबच चितारून दिलें. आइस्क्रीम नाहीं म्हणून मुलें काडीला खोंचलेलें गाजर चाखीत रस्त्यांत उभीं आहेत, अशीं त्या काळचीं छायाचित्रें आपण आजही पाहूं शकतों. मुलांच्या चेहऱ्यांवर फारसा आनंद दिसत नाहीं हें सांगणें प्राप्त आहे.

ह्या काळांत गाजर केकांत शिरलें तें दुहेरी नोकरी पत्करून. एक तर तें साखरेचा वांटा थोडा उचली, आणि दुसरें, तें ओलावा देई. अंडें व लोणी गेल्यावर केक कोरडा, खडखडीत होतो. किसलेल्या गाजरांत दहापैकीं जवळजवळ नऊ भाग पाणी असतें, तें भाजतांना हळूहळू सुटतें व केकाचें पोट मऊ राहतें. अन्नखात्याच्या कृतींपैकीं 'युद्ध आणि शांतता' ह्या नांवाचें पुडिंग मला ह्या दृष्टीनें फार बोलकें वाटतें. पीठ, पावाचा चुरा, कच्च्या बटाट्याचा कीस आणि कच्च्या गाजराचा कीस, प्रत्येकीं एक पेला; चरबी व सुकीं फळें, प्रत्येकीं अर्धा पेला. गरम पाण्यांत विरघळविलेला एक चमचा सोडा. आणि दोन तास वाफ. अंड्याचा उल्लेख नाहीं, साखरेचाही नाहीं. ही कृति कानडांत पहिल्या महायुद्धाच्या वेळीं करीत असत, असें सांगून ती प्रसृत करण्यांत आली होती; म्हणजे एका टंचाईनें दुसऱ्या टंचाईस दिलेला तो वारसा. बिनअंड्याच्या केकांत सोड्याला जाग आणण्यासाठीं व्हिनेगार घालीत. आपण दहीं घालतों. तत्त्व एकच.

आतां एक कबुली देणें भाग आहे. वर्गांत मीं वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों कीं गाजर खाल्ल्यानें रात्रीं चांगलें दिसतें. आणि त्याला पुरावा म्हणून इंग्रज वैमानिक जॉन कनिंगहॅम ह्यांची गोष्ट सांगे. १९४० च्या नोव्हेंबरांत त्यांनीं रात्रीच्या अंधारांत जर्मन विमान पाडलें, पुढेंही अनेक पाडलीं, आणि गाजरें खाऊन त्यांची दृष्टि मांजरासारखी तीक्ष्ण झाली होती! मुलें आ वासून ऐकत; मलाही तें आवडे. निवृत्तीनंतर कळलें तें असें कीं त्यांच्या विमानांत रडार नांवाचें यंत्र होतें आणि यंत्र चालविणारा जोडीदारही होता. तें गुप्त ठेवावयाचें म्हणून गाजराची आवई पिकूं दिली गेली. जर्मन लोक तिला भुलले असा पुरावा नाहीं. भुलले ते इंग्रज, आणि त्यांच्यामागून एक मराठी शाळामास्तर. दिवे मालवलेल्या रस्त्यांवर अपघात फार होत होते, आणि अंधारांत दिसावें ही प्रत्येकाची निकड होती. निकडीच्या वेळीं मनुष्य चौकशी करीत नाहीं.

अर्थात् ती निव्वळ थाप नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक टिकली. गाजरांतून हाइन्रिख वाकेनरोडर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८३१ सालीं कॅरोटीन हें द्रव्य वेगळें काढलें. शरीरांत त्याचें जीवनसत्त्व 'अ' होतें, हें १९३० च्या सुमारास टॉमस मूर ह्यांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. हें जीवनसत्त्व कमी पडलें तर रातांधळेपणा येतो आणि तें मिळालें तर तो बरा होतो. आपल्या देशांत १९७० पासून लहान मुलांस त्याचे डोस देण्याची सरकारी योजना निघाली ती ह्याचसाठीं. परंतु ज्याला तें पुरेसें मिळत आहे त्यानें गाडाभर गाजरें खाल्लीं तरी त्याची नजर तसूभरही वाढत नाहीं. ज्या मुलांना मीं ती गोष्ट सांगितली त्यांपैकीं कित्येक आतां स्वतः आईबाप आहेत व आपल्या मुलांस तीच सांगत असतील. त्यांतील कोणी हें भाषण ऐकत असतील तर त्यांनीं दुरुस्ती करून घ्यावी.

ह्या हकीकतीला आणखी एक बाजू आहे, आणि ती टाळली तर मी इतिहासाचा शिक्षक कसला? ब्रिटनमधील रेशनिंगचें कौतुक आपण जरूर करावें. राजापासून हमालापर्यंत सर्वांस एकच शिधापत्रिका होती. शाकाहारी लोकांस मांसाऐवजीं जास्त चीज मिळे, इतका त्यांत विवेक होता. परंतु १९४३ सालीं, 'किचन फ्रंट' ऐन भरांत असतांना, त्याच साम्राज्यांतील बंगाल प्रांतांत माणसें रस्त्यावर मरून पडत होतीं. ब्रह्मदेश जपाननें घेतल्यानें तेथील तांदूळ बंद झाला होता; ऑक्टोबर १९४२ मध्यें मेदिनीपुराकडे भयंकर तुफान झालें होतें; जपानी येतील ह्या भीतीनें सरकारनें किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या होत्या; आणि भाव मजुराच्या आटोक्याबाहेर गेले होते. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं धान्य मुळींच नव्हतें असें नव्हे. ज्यांना तें हवें होतें त्यांच्यापाशीं तें घेण्याचें सामर्थ्य नव्हतें. हिंदुस्थानांतून जहाजानें गहूं पाठविण्याच्या मागण्या झाल्या. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळानें मागणीच्या मानानें फारच थोडें धाडलें. वीस लाखांहून अधिक, कित्येकांच्या मतें तीस लाख, माणसें गेलीं. तेथें कोणी सव्वाआठ वाजतां पांच मिनिटें बोलावयास आलें नाहीं. गाजराच्या केकाची गोष्ट सांगतांना माझ्या मनांत हें सारखें येत असतें.

मुंबईंत रेशनिंग सुरूं झालें तें १९४३ च्या मे महिन्यांत. हिंदुस्थानांतील शहरांत पहिल्यानें. मातोश्री तेव्हां गिरगांवांत होत्या, सात वर्षांच्या, म्हणजे आज माझी नात आहे नेमक्या तितक्या. मीं वाचलेलें त्यांना ऐकवीत होतों, तों त्या मध्येंच म्हणाल्या, "रांगेंत मीही उभी राहिलें आहें. आई मला रांगेंत उभी करून घरीं जाई, नंबर जवळ आला कीं येई. साखर पुरत नसे. त्या दिवाळीला करंज्यांत गूळ घातला होता आणि आम्हीं पोरांनीं नाकें मुरडलीं, तर आजोबा म्हणाले, करंजी ती करंजीच, आंत काय आहे तें विचारूं नये." मग थोडें थांबून त्या हंसल्या. प्रश्नाचें उत्तर त्यांनीं स्वतःच दिलें होतें, असें मला वाटलें. परंतु त्यांनीं तें कबूल केलें नाहीं, आणि मींही सुचविलें नाहीं.

युद्ध १९४५ सालीं संपलें, टंचाई संपली नाहीं. युद्धकाळांत कधीं न झालेलें पावाचें रेशनिंग १९४६ ते १९४८ ह्या काळांत झालें. अंडीं १९५३ च्या मार्चमध्यें मोकळीं झालीं, साखर त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत. आणि ४ जुलै १९५४ रोजीं मांसावरचें नियंत्रण उठून सारें प्रकरण मिटलें. चौदा वर्षें! त्यानंतर इंग्रज गृहिणींनीं गाजराचा केक पुष्कळ दिवस दूर ठेविला ह्यांत नवल नाहीं. तो पुन्हां लोकप्रिय झाला तो अमेरिकेच्या वाटेनें. तेलांत केलेला, तीन-चार अंडीं घातलेला, अक्रोड पेरलेला, वर मऊ चीजचा जाड थर दिलेला. टंचाईच्या घरचा मुलगा श्रीमंताकडे दत्तक गेला म्हणावयाचें.

आमच्या घरचा केक मात्र जुन्या वळणाचा झाला, आणि दोनदां झाला. सूनबाईंनीं मला शागीर्द म्हणून घेतलें होतें. प्रमाण सांगतों. दोनशें ग्रॅम मैदा, त्यांत एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व दालचिनीची पूड हें सर्व दोनदां चाळून घ्यावें. दुसऱ्या भांड्यांत दीडशें ग्रॅम साखर, तेवढेंच ताजें पण किंचित् आंबट दहीं आणि शंभर मिलिलिटर वास नसलेलें तेल एकजीव होईपर्यंत घोंटावें. त्यांत दोनशें ग्रॅम गाजराचा बारीक कीस. कीस पिळूं नये; त्याच्या पाण्यावरच सारी भिस्त आहे. मग मैदा घालून हलक्या हातानें कालवावें व कोरडें पीठ दिसेनासें होतांच थांबावें. फार घोंटलें तर मैदा चिवट होतो आणि केकाचा पाव होतो. पीठ फार घट्ट वाटल्यास दोन चमचे दूध. थोड्या अक्रोडाच्या किंवा काजूच्या कपच्या टाकल्यास उत्तम. दहीं आणि सोडा एकत्र येतांच वायु सुटावयास लागतो. म्हणून पीठ तयार करून गप्पा मारीत बसूं नये. ओव्हन आधींच तापलेला हवा. तेलाचा हात लावलेल्या वीतभर व्यासाच्या भांड्यांत ओतून १८० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटें भाजावें. ओव्हन नसेल तर आमच्या लहानपणीं रव्याच्या केकाला करीत तसें करावें: जाड बुडाच्या पातेल्यांत वाळूचा थर, त्यावर लहान तिवई, त्यावर केकाचें भांडें, वर घट्ट झांकण, आणि मंद आंच, वेळ थोडा अधिक लागतो.

पहिला केक बिघडला तो माझ्यामुळें. वीस मिनिटांनीं सुंदर वास सुटला आणि मला धीर धरवेना. मीं दार उघडून पाहिलें. केक छान फुगलेला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो मध्यभागीं बसला. अंड्याच्या केकांत प्रथिनांचा सांगाडा त्यामानानें लवकर घट्ट होतो. येथें सगळा भार मैद्यावर, आणि तो घट्ट होण्यापूर्वीं गार वारा लागला तर वायूनें धरलेलें छप्पर कोसळतें. सूनबाई काहीं बोलल्या नाहींत. बाहेर जाऊन आणखी गाजरें घेऊन आल्या. बसलेला केक आम्हीं दुधांत कुस्करून रात्रीं खाल्ला. पुंगी मोडून खाल्ली, म्हणाना.

दुसऱ्या वेळीं मला स्वयंपाकघराबाहेर बसविण्यांत आलें. मध्यें टोंचलेली सळई कोरडी निघेपर्यंत दार उघडलें गेलें नाहीं. भांड्यांतून काढतांना घाई केली तर केक तुटतो, म्हणून तो पुरा निवूं दिला. रंग तांबूस, मध्यें मध्यें केशरी धागे. वर मुलामा नव्हता. नातीनें शेंगदाण्याएवढें एक गाजर कोरून मधोमध बसविलें, कारण आरगाउची हकीकत तिनें ऐकली होती.

सायंकाळीं देवापुढें दिवा लावून झाल्यावर तिनें पहिला तुकडा बशींत घालून पणजीच्या हातीं दिला व समोर उभी राहिली. मातोश्रींनीं तो उजेडाकडे धरून निरखला, वास घेतला, लहानसा घांस तोडून तोंडांत टाकला. आम्ही सारे त्यांच्याकडे पाहत होतों. त्यांनीं सावकाश चावून गिळला, दुसरा घांस घेतला, आणि सूनबाईंना म्हणाल्या, "पुढच्या खेपेला थोडें जायफळ घाल."